परंपरेतले, तरी सर्रास ऐकू न येणारे : मुलाचे नाव शोधण्याची पद्धत

इंदूरच्या मराठी घरांत मुलाच्या नावाबाबत आज दोन मागण्या एकदमच पुढे येतात. आजी-आजोबांना नाव देवाधर्मातले, निदान पोथीपुराणात सापडणारे हवे असते आणि आईवडिलांना त्याच नावाची आणखी तीन मुले वर्गात नकोत असे वाटत असते. या दोन्ही मागण्या एकाच नावात पुऱ्या होऊ शकतात. अडचण होते ती शोध चुकीच्या ठिकाणी सुरू केल्यामुळे. बहुतेक जण मोबाईलवर वर्णानुक्रमे लावलेल्या याद्या उघडतात, ‘अ’पासून वाचू लागतात आणि ‘क’पर्यंत पोहोचता पोहोचता कंटाळतात, अथर्व, अद्वैत, आरव आणि अर्णव यांची इतकी गर्दी का झाली, याचे निम्मे उत्तर आमच्या मते यातच आहे. ज्या यादीतून सगळे निवडतात, तिच्यातून वेगळे नाव हाती लागणे अवघडच. म्हणून पुढील पद्धतीत याद्यांना शेवटची जागा दिली आहे आणि घरातले कागद, कुलदैवत व पंचांग यांना पहिली.

आधी वेळ ठरवा

बारसे साधारणपणे बाराव्या दिवशी होते आणि प्रसूतीनंतरच्या त्या बारा दिवसांत कोणालाही शांतपणे विचार करायला सवड नसते. त्यामुळे शोधाला सातव्या-आठव्या महिन्यातच आरंभ करावा. गर्भलिंगनिदानाला आपल्याकडे कायद्याने बंदी असल्याने मुलाची आणि मुलीची अशा दोन याद्या कराव्याच लागतात. हा लेख त्यांतील पहिल्या यादीपुरता आहे. यादी एकाच वहीत ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे ते कोणी सुचवले व कोठून आले एवढे लिहावे. नाव कोठून आले हे लिहिण्याची सवय पुढे फार उपयोगी पडते, कारण अर्थ तपासताना मूळ ठाऊक असलेले नाव आणि ‘कुठेतरी वाचलेले’ नाव यांतला फरक लगेच कळतो.

घरातले कागद काढा

सर्वांत चांगली नावे बहुधा घरातच पडून असतात. पितृपक्षात श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात. ती ऐन वेळी आठवत नाहीत म्हणून अनेक घरांत देवघराच्या खणात एक पिवळा पडलेला कागद असतो. त्यावर आजोबांच्या हस्ताक्षरात ती नावे ओळीने लिहिलेली असतात आणि कडेला कोणीतरी शिसपेन्सिलीने पुढची पिढी जोडलेली असते. तो कागद काढावा. तो नसल्यास घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याला किंवा काकूला विचारावे, कारण माहेर-सासर दोन्हींकडची नावे बायकांच्या स्मरणात अधिक पक्की असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वर आणि उज्जैन येथील तीर्थपुरोहितांच्या वह्यांतही यजमानांच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. उज्जैन तर इंदूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे, तेव्हा एखाद्या श्राद्धकर्माच्या निमित्ताने जाणे झाल्यास वही उघडून घ्यायला हरकत नाही.

अशा कागदांत त्र्यंबक, सदाशिव, मोरेश्वर, भगवंत, चिंतामण, गंगाधर, रघुनाथ, विसाजी, महादजी, शिवराम अशी नावे हमखास सापडतात. त्यांतली सगळी आज चालणार नाहीत. धोंडो, दगडू, भिका, केरू ही नावे आधीची मुले न जगल्यामुळे, या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून ठेवली जात. ती कुलवृत्तांतातच राहू द्यावीत. आजोबा आणि पणजोबा यांतही फरक करावा. वडिलांच्या पिढीतली संजय, सुनील, राजेश, मिलिंद ही नावे अजून कार्यालयात आणि शेजारीपाजारी रोज कानी पडतात, त्यामुळे ती बाळाला ठेवली की प्रौढ वाटतात. आजोबांच्या पिढीतली मधुकर, दिनकर, सुधाकर ही ‘कर’ची मालिका कोणाला आवडेल, कोणाला जुनाट वाटेल. पणजोबांच्या पिढीतली नावे मात्र इतकी मागे गेली आहेत, की ती पुन्हा ताजी वाटू लागली आहेत. केशव आणि माधव तर परतलेसुद्धा. त्यांच्या शेजारचे श्रीरंग, त्र्यंबक आणि भगवंत अजून थांबलेले आहेत.

आजोबांचेच नाव नातवाला ठेवायचे असेल, तर घरची रीत आधी विचारून घ्यावी. काही कुटुंबांत हयात असलेल्या वडीलधाऱ्याचे नाव ठेवत नाहीत, तर काहींत ते ठेवणे मानाचे समजतात. सासऱ्यांचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही ही जुनी रीत जेथे थोडीफार उरली आहे, तेथे मुलाला घरात ‘अप्पा’ किंवा ‘बाळ’ म्हणून हाक मारली जाते आणि इतक्या विचाराने ठेवलेले नाव केवळ शाळेच्या हजेरीपटावर उरते.

कुलदैवताचे दुसरे नाव शोधा

परंपरेतले पण विरळ नाव हवे असेल, तर देव तोच ठेवून नाव बदलावे, हा आमचा आवडता मार्ग आहे. गणेश सर्वत्र असतात, हेरंब आणि भालचंद्र क्वचित भेटतात. अष्टविनायकांतील मोरगावचा मोरेश्वर, पालीचा बल्लाळेश्वर, महडचा वरदविनायक, थेऊरचा चिंतामणी आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज या नावांतून मोरेश्वर, बल्लाळ, वरद आणि चिंतामणी सहज घेता येतात. त्यांतही चिंतामणला माळव्यात एक जास्तीची सोय आहे : उज्जैनला चिंतामण गणेशाचे प्रसिद्ध देऊळ असल्याने हे नाव हिंदी भाषक शेजाऱ्यांनाही परके वाटत नाही. शंकराच्या भक्तांना त्र्यंबक, चंद्रमौळी, पिनाकी, ईशान, वामदेव, मृत्युंजय ही नावे आहेत. जोतिबा ज्यांचे दैवत आहे त्यांना केदार, रेणुकेचे उपासक असणाऱ्यांना भार्गव, व्यंकटेशाच्या घराण्यांना श्रीनिवास आणि मंगेशीच्या घराण्यांना मंगेश ही नावे आपली वाटतात. विठ्ठलासाठी पांडुरंग, श्रीरंग आणि पंढरीनाथ आहेत, पण पंढरीनाथ म्हटले की इंदूरकराला आधी जुन्या शहरातला तो भाग आठवतो, हे लक्षात घ्यावे.

हाच विचार खंडोबाच्या नावांनाही लागू आहे. खंडोबा होळकरांचे कुलदैवत असल्याने मल्हार हे नाव इथल्या मातीतच मुरले आहे. सुभेदार मल्हारराव १७६६ मध्ये वारले, तरी इंदूरचा मल्हारगंज भाग त्यांचे नाव रोज घेतो. नाव देखणे आहे, पण गेल्या काही वर्षांत ते मराठी घरांत इतके आवडते झाले आहे की ‘विरळ’ या कसोटीवर आता उतरत नाही. त्याऐवजी मार्तंड पाहावे. तेही खंडोबाचेच नाव असून सूर्याचेही आहे. होळकरांच्या वंशावळीतील यशवंत, हरिराव, काशीराव ही नावेही विचारात घ्यावीत, मात्र यशवंत नाव ठेवणाऱ्याने यशवंत निवास रोड, यशवंत क्लब आणि ‘एम. वाय.’ रुग्णालय यांच्यासोबत आयुष्य काढण्याची तयारी ठेवावी. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले आणि नातू मालेराव गादीवर वर्षभरही राहिले नाहीत. इतिहास जाणणारे काही वडीलधारे या दोन नावांना म्हणून नाक मुरडतात. आमच्या मते खंडेराव या नावाला तो आक्षेप पुरेसा नाही, कारण ते मुळात देवाचे नाव आहे.

दत्तभक्तांच्या घरात अवधूत, श्रीपाद आणि दिगंबर ही तीन नावे हटकून पुढे येतात. श्रीपाद उत्तम आहे. दिगंबरबाबत मात्र इंदूरपुरती एक व्यावहारिक बाब सांगायला हवी : या शहरात दिगंबर जैन समाज मोठा आहे, त्यामुळे दिगंबर नावाच्या मराठी मुलाला आपण जैन नाही हे जन्मभर सांगत बसावे लागेल.

संतांच्या नावांकडेही वळावे. ज्ञानदेव आणि नामदेव सर्वांना सुचतात. सोपान, निवृत्ती, मुकुंद आणि नरहरी त्या मानाने कमी जणांना सुचतात. उपनिषदांतले सत्यकाम आणि नचिकेत, महाभारतातला सात्यकी, सूर्यपुत्र रेवंत, कृष्णाचा पुत्र प्रद्युम्न ही नावेही याच वळणाची आहेत.

महिना आणि नक्षत्र पाहा

बारशाला ताटात तांदूळ पसरून त्यांवर सोन्याच्या अंगठीने नावे लिहितात, तेव्हा शास्त्राप्रमाणे ती चार असतात : कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथे व्यवहारातले. चौथ्या नावासाठी आपण महिनाभर डोके खाजवतो आणि पहिली तीन पुरोहित सांगतील ती मुकाट्याने लिहितो, पण त्यांतच कधी कधी हवे ते सापडते.

मासनामांचा क्रम मार्गशीर्षापासून असा सांगतात : कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश आणि पुंडरीकाक्ष. म्हणजे पौषातल्या बाळाचे मासनाम अनंत, माघातल्याचे अच्युत आणि ज्येष्ठातल्याचे उपेंद्र. संध्येतल्या चोवीस नावांपैकी पहिली बारा नावेही मार्गशीर्षापासूनच महिन्यांना जोडतात : मार्गशीर्षाचा केशव, पौषाचा नारायण, माघाचा माधव, फाल्गुनाचा गोविंद, चैत्राचा विष्णू, वैशाखाचा मधुसूदन, ज्येष्ठाचा त्रिविक्रम, आषाढाचा वामन, श्रावणाचा श्रीधर, भाद्रपदाचा हृषीकेश, आश्विनाचा पद्मनाभ आणि कार्तिकाचा दामोदर. अधिक महिन्यात जन्मलेल्या बाळासाठी पुरुषोत्तम हे नाव तर ठरलेलेच आहे.

इथे माळव्यातल्या मराठी माणसाने एक काळजी घ्यावी. आपली पंचांगे अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा महिना धरतात, तर इथली हिंदी पंचांगे पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा. त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते. जन्माष्टमी आपल्याला श्रावण वद्य अष्टमी असते आणि शेजाऱ्यांना भाद्रपद कृष्ण अष्टमी. त्या रात्री जन्मलेल्या बाळाला मराठी पंचांगाप्रमाणे श्रीधर म्हणता येईल, पण भिंतीवर हिंदी कॅलेंडर असेल तर त्याचा हृषीकेश होईल. कोणते पंचांग धरायचे हे पुरोहितांशी आधीच बोलून घ्यावे.

नक्षत्राच्या चरणावरून येणारे अक्षर हा अनेक घरांत वादाचा विषय होतो. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघाला मा, मी, मू, मे. अनुराधाला ना, नी, नू, ने. अशी प्रत्येक नक्षत्राला चार अक्षरे आहेत. मघा किंवा अनुराधा आली तर नावांना तोटा नाही. परंतु हस्ताच्या वाट्याला ‘ण’ आणि उत्तरा भाद्रपदाच्या वाट्याला ‘ञ’ येते, ज्यांपासून नाव सुरूच होत नाही. मराठी घरांत यावर तोडगा पूर्वीपासून आहे : राशीचे नाव पत्रिकेत ठेवावे आणि व्यवहाराचे नाव आपल्या पसंतीने निवडावे. हिंदी भाषक कुटुंबाशी सोयरीक असेल आणि त्यांचा अक्षराबद्दल आग्रह असेल, तर ही गोष्ट जन्माआधीच स्पष्ट केलेली बरी. मुलाचे नाव समअक्षरी, म्हणजे दोन किंवा चार अक्षरांचे असावे असेही गृह्यसूत्रांत सांगितले आहे. पण केशव, माधव, गोविंद ही सगळी तीन अक्षरी नावे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली गेली आहेत, तेव्हा त्यावर अडून बसू नये.

अर्थ कोशात पाहा

वहीत दहा-बारा नावे जमली की प्रत्येकाचा अर्थ छापील कोशात तपासावा. संस्कृत नावांसाठी आपट्यांचा कोश आणि पुराणातील व्यक्तींसाठी चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश पुरेसा आहे. मोबाईलवर प्रत्येक नावाचा अर्थ ‘विष्णूचा अंश’ किंवा ‘तेजस्वी’ असाच निघतो, त्यावर विसंबू नये. ‘आरव’ शांततेचा वाचक म्हणून सांगितला जातो, पण संस्कृतात त्याचा अर्थ आवाज, आरडाओरडा असा आहे; ‘अनय’ म्हणजे अनीती किंवा अन्याय. रेयांशसारखी नावे कोशात मिळतच नाहीत. ती ठेवू नयेत असे नाही, पण त्यांना परंपरेतली म्हणू नये.

हिंदी तोंडात घालून पाहा

हे मूल घरात मराठी ऐकेल, पण शाळेत, गल्लीत आणि सराफ्यात त्याला हाक मारणारी बहुतेक तोंडे हिंदी असतील. इथे मराठी नावांची काही ठरावीक ठिकाणी ओढाताण होते. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’सारखा उच्चारतो आणि हिंदीत तो ‘ग्य’ होतो, म्हणून ज्ञानेशचा ग्यानेश होणारच. ‘ऋ’ आपल्याकडे ‘रु’कडे आणि इथे ‘रि’कडे झुकतो, हृषीकेश, ऋतुराज, अमृत, नृसिंह या साऱ्यांचे रोमन स्पेलिंग घरचे एक आणि शाळेचे दुसरे होण्याचा धोका असतो. ‘ळ’ तर हिंदीत उरतच नाही. बल्लाळचा बल्लाल आणि चंद्रमौळीचा चंद्रमौली होतो. ‘ऐ’ आणि ‘औ’ यांचे उच्चार पसरट होतात, कौस्तुभ हे नाव त्यात विशेष सापडते. ही ओढाताण सहन होणारी आहे की नाही हे प्रत्येकाने ठरवावे. आमचा कल असा, की मुलाला रोज दुरुस्त करावे लागेल असे नाव टाळावे आणि वर्षातून दोनदा दुरुस्त करावे लागेल असे नाव बिनधास्त ठेवावे. किरणसारखे नाव मराठीत मुलाचे म्हणून चालते, पण इथे ते मुलीचे समजले जाते, हेही ध्यानात असावे.

नाव नुसते वाचून कळत नाही, हाक मारून कळते. घरातल्या एकाने खाली अंगणात उभे राहावे आणि दुसऱ्याने वरच्या गच्चीतून पूर्ण आवाजात हाक मारावी. त्रिविक्रम म्हणताना पहिल्याच अक्षरावर जीभ अडखळते, श्रीरंगचा शेवट रस्त्यापलीकडे पोहोचतो, हे असे केल्यावरच समजते. मग त्या नावाचे लघुरूप काय होईल याचा अंदाज घ्यावा. त्रिविक्रमचा विक्रम झाला आणि हृषीकेशचा ऋषी झाला, तर विरळ नाव ठेवल्याचा काही उपयोग राहत नाही, कारण वर्गात त्याच हाकेला आणखी दोघे ओ देतील. श्रीपाद, भार्गव, मार्तंड, रेवंत ही नावे सहसा तुटत नाहीत. मागे ‘भिया’ (भैया) लावूनही बोलून पाहावे. इंदुरात ते लागणारच आहे.

नाव खरोखर विरळ आहे का

याची खात्री करायला आकडेवारी नको, कान हवेत. लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात मुलांची नावे पुकारतात, गणेशोत्सवात बालस्पर्धांच्या निकालांत ती लागतात, बालवाडीच्या दारावर दप्तरांवर ती लिहिलेली असतात. तिथे आपले नाव दोनदा कानावर पडले किंवा दिसले, तर वहीतल्या पुढच्या नावाकडे वळावे. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांचे मत या बाबतीत फारसे धरू नये; तिकडे मागे पडलेले नाव इथे नवे असू शकते आणि उलटही होते.

शेवटच्या तीन नावांपुढे वडिलांचे नाव आणि आडनाव लिहून पाहावे. त्रिविक्रम अनिरुद्ध पटवर्धन हे वाचायला भारदस्त आहे, पण परीक्षेच्या अर्जातल्या चौकटी मोजून घ्याव्यात. मध्य प्रदेशातील बऱ्याच अर्जांत वडिलांच्या नावासाठी स्वतंत्र रकाना असतो. आपल्या रीतीप्रमाणे ते मधले नाव म्हणूनही लिहायचे की नाही याचा निर्णय एकदाच घ्यावा आणि तो सर्व कागदांवर सारखा ठेवावा.

नोंद

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, पण त्या नोंदीत नाव असलेच पाहिजे असे बंधन नाही. रुग्णालयाने घाईने नाव विचारले, तर नावाचा रकाना रिकामा ठेवायला सांगावे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील नियमांनुसार नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क देऊन. एकदा भरलेले नाव बदलणे मात्र जिकिरीचे असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्या तारखेला किंवा पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी अशा कामांसाठी जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागतो, त्यामुळे त्यावरचे प्रत्येक अक्षर पुढे सगळीकडे जाते.

म्हणून आत्याने कानात नाव सांगितले, पेढे वाटून झाले, की दोन-चार दिवसांतच ते नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत सुवाच्य लिहून तो कागद महापालिकेच्या जन्मनोंदणी खिडकीवर न्यावा. तोंडी सांगितल्यास नृसिंहचा नरसिंह आणि ज्ञानेशचा ग्यानेश तिथेच होतो. दाखल्याचा मसुदा पडद्यावर दाखवायला सांगावा, दोन्ही लिप्यांतली वेलांटी, उकार आणि स्पेलिंग आपल्या कागदाशी ताडून पाहावे आणि छापील प्रत हातात आल्यावर खिडकीसमोरच पुन्हा एकदा वाचावी. बाल आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा कुटुंब-सदस्य ओळखक्रमांक) यांचे अर्ज त्या दाखल्याची प्रत समोर ठेवूनच भरावेत.